भिंतीतलं खिंडार: मराठवाड्यातल्या एका छोट्या विमानतळाचं प्रकरण

हे प्रकरण मी नायब तहसीलदार होतो तेव्हाचं. जिल्हा, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही अंतरं आणि महिने मागेपुढे केले आहेत. विमानातलं मला तेव्हाही फारसं कळत नव्हतं. माझा संबंध आला तो शेतरस्त्याच्या भांडणातून, आणि शेतरस्त्याची भांडणं ही तहसील कचेरीची रोजची भाजीभाकरी.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात धावपट्ट्यांची तशी वाण नाही, विमानांची आहे. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सोडलं तर नांदेड, लातूर, धाराशिव इथल्या पट्ट्यांनी कधी चार दिवस वर्दळ पाहिली, तर कधी वर्षानुवर्षं नुसतं गवत. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी आली आणि नांदेडच्या विमानतळाचं रूप पालटलं. पुढे २७ एप्रिल २०१७ ला छोट्या शहरांना विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यातही नांदेड–हैदराबाद होतं. त्यानंतर प्रत्येक जिल्ह्याला वाटू लागलं की आपल्याही पट्टीवर विमान उतरायला काय हरकत आहे.

उडानचा हिशेब साधा आहे. साधारण तासाभराच्या, म्हणजे पाचशेएक किलोमीटरच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा. विमानातल्या ठरावीक जागा या दराने विकायच्या आणि त्यात कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकार भरून देणार. तिचा पाचवा हिस्सा राज्याचा. पोलीस आणि अग्निशमनाची सोयही राज्यानेच करायची. कागदावर यात विमानतळाभोवतालच्या गावाचा उल्लेख कुठेच येत नाही.

आमच्या शहराला मिळालं ते हैदराबाद. १९५६ पर्यंत आमची राजधानीच ती. आजही आमच्याकडे मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता म्हटलं की अर्धी माणसं मुंबई-पुण्याकडे न बघता हैदराबादची वाट धरतात. आठवड्यातून तीन दिवस, दुपारनंतर येणारं आणि तासाभरात परत जाणारं एटीआर-७२ विमान. पहिल्या दिवशी ढोलताशा झाला, पालकमंत्र्यांनी फीत कापली. गावातल्या म्हाताऱ्या कोताऱ्या भिंतीजवळच्या बांधावर बसून विमान बघत होत्या.

आता गावाकडे येऊ. पट्टी बांधली तेव्हा गावठाण एका बाजूला राहिलं आणि निम्मी शिवारं दुसऱ्या बाजूला. गावातून शेताकडे जाणारी जुनी गाडीवाट पट्टीच्या पोटातून गेली. विमानं नव्हती तोवर कुणाचं काही अडलं नाही. तारेच्या कुंपणातून माणसं, बैलगाड्या, शेरडं निवांत जायची. सुगीत पट्टीवर सोयाबीन वाळायचं. गावातली निम्मी पोरं मोटारसायकल चालवायला तिथेच शिकली. मग आठ फुटी भिंत आली, वर काटेरी तार आली. आणि जुन्या वाटेच्या जागी, कुणी पाडलं ते कधीच कळलं नाही असं, एक खिंडार आलं.

अडचण

विमानसेवेच्या पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी विमान टेकायच्या बेतात असताना वैमानिकाला पट्टीवर कुत्री दिसली. एटीआर टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगात एक कुत्रं चाकात आलं तरी काय होईल ते सांगायला नको. त्याने विमान पुन्हा वर घेतलं, एक चक्कर मारली आणि दुसऱ्या खेपेला उतरवलं. याला त्यांच्याकडे गो-अराउंड म्हणतात आणि त्याची लेखी नोंद होते. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी कुत्र्यांच्या मागे जीप धावली, कुत्री पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पळाली, तेवढ्यात ऊन उतरलं. रात्री उतरायची सोय पट्टीवर नव्हती. विमान हैदराबादला परत गेलं. त्यात डायलिसिसहून घरी येणारा एक पेशंट होता. त्याचे नातेवाईक टर्मिनलच्या दारात बसून राहिले होते.

कंपनीचं पत्र आलं: तीन आठवड्यांत बंदोबस्त करा, नाहीतर सेवा थांबवावी लागेल. जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक लावली. बैठकीत सगळ्यांचं बोट खिंडाराकडे. विमानतळाच्या व्यवस्थापकांनी फोटो दाखवले: खिंडारातून जाणाऱ्या बाया, डोक्यावर वैरणीचे भारे, मागे दोन कुत्री. फोटो पुरावा म्हणून इतका चोख होता की कुणाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. मलाही नाही.

खिंडार याआधी तीनदा बुजवलं होतं. तीनदा ते आठवड्याच्या आत पुन्हा उघडलं होतं.

पर्याय

पहिला पर्याय पोलिसांचा: रातोरात वीट-सिमेंट लावा, दोन शिपाई बसवा, फोडणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारा. बैठकीत बहुतेकांचा कल याच्याकडे होता.

दुसरा गावाचा: फाटक बसवा, विमान येतं ते तीन दिवस दुपारनंतर बंद ठेवा, एरवी उघडं. ऐकायला रास्त वाटतं. पण सुरक्षेच्या लोकांनी एका वाक्यात तो निकालात काढला, की विमानांच्या वावराच्या भागातून सार्वजनिक रस्ता असूच शकत नाही, मग तो आठवड्यातून एक तास असो की सात दिवस. यावर चर्चा झाली नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं.

तिसरा, पट्टीखालून भुयारी रस्ता. एका लोकप्रतिनिधीने तो सुचवला आणि वर्तमानपत्रात छापूनही आणला. काळ्या चिकणमातीत, नाल्याच्या शेजारी, चालू धावपट्टीखाली बोगदा. यावर मी जास्त लिहीत नाही.

चौथा, भिंतीच्या बाहेरून पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला वळसा घालून नवीन पाणंद, म्हणजे शेतरस्ता. जुनी वाट सातशे मीटरची, ही तीन किलोमीटरच्या वर. बैलगाडीला चालेल, पण डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला? शिवाय विमानतळाची जमीन सगळीकडे पुरत नव्हती, काही ठिकाणी शेतकऱ्यांच्या बांधातून जावं लागणार होतं.

माझ्यापुढे कायद्याचाही पेच होता. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावाने ती मुदत केव्हाच घालवली होती, कारण खिंडार होतं तोवर रस्ता अडलाय असं कुणाला वाटतच नव्हतं. त्यातून जमीन संपादित झालेली. गाव नकाशावर वाट तुटक दुहेरी रेषेने स्पष्ट दिसत होती, संपादनाच्या निवाड्यात तिचं नावही नव्हतं. म्हणजे हक्क सांगायला गावाकडे काही उरलं नव्हतं, आणि सरकारकडे सगळं होतं. पण हक्क नाही म्हणून माणूस शेतात जायचं सोडत नाही. हे महसूल खात्यात चार वर्षं काढलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

मारुतीच्या पारावरची बैठक

मी जिल्हाधिकाऱ्यांकडून चार दिवस मागून घेतले आणि गावात बैठक लावली. सरपंच बाई होत्या, बोलत होते त्यांचे यजमान. ते अर्धा तास बोलले: अन्याय, भूमिपुत्र, नोकऱ्यांची आश्वासनं. खोटं काहीच नव्हतं, पण सगळं आधी ऐकलेलं होतं. नोकऱ्यांच्या मुद्द्यावर मात्र गाव खरंच दुखावलेलं होतं. सुरक्षारक्षकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळी माणसं शहरातल्या ठेकेदाराने आणली होती.

शेवटी मी कुत्र्यांचा विषय काढला, तर पाराच्या खाली बसलेली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, कुत्री खिंडारातून कशाला जातील? तिथं माणसं असतेत. कुत्री मोरीतून जायलेत."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मोरी म्हटल्यावर नाला डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाच्या एका कर्मचाऱ्याला घेऊन मी नाल्याकडे गेलो. पट्टीच्या पश्चिमेला भिंतीखालून नाला आत येतो. तिथे लोखंडी जाळी असायला हवी होती. जाळीच्या जागी चार गज वाकवलेले होते, आणि खालच्या गाळात कुत्र्यांच्या पंजांचे ठसे इतके की मोजायची सोय नाही. जाळी कुणी काढली? गावानेच. का काढली? पावसाळ्यात पऱ्हाट्या, प्लास्टिक, पालापाचोळा अडकून ती तुंबायची आणि पाणी मागे फुगून सहा जणांच्या सोयाबीनमध्ये शिरायचं. विमानतळाला त्यांनी दोन अर्ज दिले होते. दोन्ही अर्जांच्या पोच त्यांच्याकडे जपून ठेवलेल्या होत्या.

आणि कुत्री तिथे जमत होती ती का, ते नाल्याच्या काठाने दोनशे पावलं चाललं की कळत होतं. जुन्या खदानीत रस्त्यावरची चिकन सेंटरं रोज आतडी-पिसं टाकत होती. वर घारी घिरट्या घालत होत्या. विमान नियम, १९३७ च्या नियम ९१ प्रमाणे विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला मनाई आहे. पण ती खदान नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आणि ग्रामपंचायतीच्या घंटागाडीच्या आवाक्याबाहेर होती. दोघांची हद्द संपते त्या जागी कुत्र्यांची सुरू होत होती.

हा या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण. बैठकीत मांडलेला फोटो खोटा नव्हता. खिंडारातून माणसं जात होती आणि ती थांबणं गरजेचंच होतं. पण विमान ज्याच्यामुळे परत गेलं ते खिंडार नव्हतं. रातोरात वीट लावली असती तर गाव पेटलं असतं आणि कुत्री तशीच आली असती.

काय केलं

खदान आणि मोरी आधी घेतली, कारण त्यावर गावाचं आणि विमानतळाचं भांडण नव्हतं. खदानीवर मुरूम टाकून तोंड बंद केलं. चिकनवाल्यांना नुसती नोटीस देऊन भागणार नव्हतं. नगरपालिकेची गाडी रोज दुपारी त्यांच्या दारात जाईल असं ठरलं, हद्दीबाहेर असूनही. मुख्याधिकाऱ्यांनी डिझेलच्या खर्चावरून तीन दिवस घोळ घातला, चौथ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा फोन गेला. कुत्री मारायची किंवा उचलून दुसरीकडे सोडायची ही सूचना बैठकीत दोनदा आली. तेव्हाच्या कायद्याने त्यातलं काहीच करता येत नव्हतं, नसबंदी करून जिथून आणली तिथेच सोडावी लागायची. आणि नसबंदीची सोय जिल्ह्यात नव्हती. खाणं बंद झाल्यावर ती आपोआप कमी झाली, सगळी गेली नाहीत.

मोरीला उभी जाळी न बसवता तिरकी, वर उचलता येणारी जाळी बसवली. तिला अडकलेला कचरा पाण्याच्या जोराने वर सरकतो. ही कल्पना विमानतळाच्या अभियंत्याची, तिचं श्रेय मी घेत नाही.

मग खिंडार. इथे आमचे मतभेद झाले. माझं म्हणणं, आधी पाणंद तयार करू, मग वाट बंद करू. व्यवस्थापकांचं म्हणणं, आधी वाट बंद, पाणंद होईल तेव्हा होईल. माझी बाजू माणुसकीची वाटते. पण विमान आत्ता उतरत होतं, पाणंदीला एक उन्हाळा लागणार होता, आणि मधल्या काळात पट्टीवर बैलगाडी आली तर जबाबदार कोण? मी माघार घेतली. ती घ्यायला हवी होती असं आजही वाटतं.

पण मग मधल्या काळात बायांनी जायचं कुठून? पूर्वेच्या टोकाला एका शेतकऱ्याचं, त्यांना सगळे तात्या म्हणतात, चार एकर रान होतं. त्या रानातून तिरपी वाट दिली तर वळसा निम्म्यावर येत होता. रानात हरभरा उभा होता. मी आणि सरपंचबाई, या वेळी यजमानांशिवाय, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"किती दिवसांसाठी?" तात्यांनी विचारलं.

"पाणंद होईपर्यंत, तात्या. उन्हाळा संपेपर्यंत धरा."

"अन् हरभऱ्याचं?"

"भरपाई देऊ."

ते हो म्हणाले. चहा झाला. वीट दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या गावासमोर, पोलिसांशिवाय लागली.

पाणंदीचं काम रोजगार हमीतून धरलं. रोजगार हमी हे १९७२ च्या दुष्काळाचं अपत्य, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी पाणंदी त्याच घामावर उभ्या आहेत. पण तिथे मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० राखावं लागायचं. काळ्या रानात मुरूम टाकल्याशिवाय पाणंद म्हणजे पावसाळ्यात चिखलाची नळी, आणि मुरूम आला की साहित्याचा खर्च वर जातो. तोडगा विमानतळाच्या आवारातच पडून होता. पट्टीच्या टोकाचं सपाटीकरण करताना निघालेल्या मुरमाचे ढीग. ते उचलून पाणंदीवर टाकले. गौण खनिजाच्या, म्हणजे त्या मुरमाच्या, स्वामित्वधनावरून (रॉयल्टीवरून) आमच्याच कार्यालयाने आम्हाला नोटीस काढली होती, ती कशी मिटली ते सांगायला वेगळा लेख लागेल.

एक गोष्ट ठरवून केली नव्हती, ती आपसूक झाली. पट्टीच्या कडेचं गवत पूर्वी गावातल्या बाया फुकट कापून नेत. विमान सुरू झाल्यावर त्यांना बंदी झाली आणि गवताचा ठेका शहरातल्या एका माणसाला गेला. त्याने ते कमरेइतकं वाढू दिलं. त्यात ससे, उंदीर आणि तित्तर आले, आणि त्यांच्यामागे घारी. गावातल्या बचत गटाने हे काम मागितलं: विमान नसेल त्या चार दिवसांत कापायचं, वैरण आपली, वर मजुरी. व्यवस्थापक लगेच तयार झाले. पण आत जायचा पास पोलीस पडताळणीशिवाय मिळत नाही, आणि चौदा बायांच्या पडताळणीला दोन महिने लागले. दोघींच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं.

काय झालं

तीन आठवड्यांची मुदत संपली तेव्हा मोरी बंद होती, खिंडार बंद होतं, पाणंद अर्धी होती. कंपनीने सेवा चालू ठेवली. मी तिथे असेपर्यंत पट्टीवर कुत्र्यामुळे पुन्हा गो-अराउंड झाला नाही. घारींमुळे एकदा झाला. पहिल्याच मोठ्या पावसात तिरकी जाळी पुन्हा तुंबली. पण या वेळी गावाने ती तोडली नाही. एका पोराने विमानतळावर फोन केला, दोन माणसं येऊन जाळी उचलून साफ करून गेली. तो नंबर मोरीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेला होता. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त खर्च तोच असावा.

हरभऱ्याची भरपाई तात्यांना सात महिन्यांनी मिळाली. पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली द्यायचे, हेच ठरत नव्हतं. विमानतळ म्हणत होतं पाणंद महसूलची, आम्ही म्हणत होतो भिंत विमानतळाची. तात्या दर सोमवारी कचेरीत येऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे आणि काही न बोलता दुपारी निघून जायचे.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या बैठकीआधी मी भिंतीभोवती पायी एक फेरी मारीन. सहा किलोमीटर, दोन तास. ती कुणीच मारली नव्हती, ना मी, ना ज्यांनी फोटो काढले त्यांनी. त्यांची गस्त जीपमधून व्हायची आणि जीप नाल्यात उतरत नाही.

मोरीच्या अर्जांच्या पोच गावाकडे होत्या, याचा अर्थ ते अर्ज विमानतळाच्या आवक नोंदवहीत होते. कुत्र्यांचा प्रश्न विमान सुरू व्हायच्या आधी तिथे लिहून ठेवलेला होता, फक्त 'शेतात पाणी शिरणे' या विषयाखाली. छोट्या विमानतळाचा परवाना तपासताना अग्निशमनाची गाडी, पट्टीवरच्या खुणा, दिवे सगळं बघतात. गावाचे जुने अर्जही मागवून बघितले तर निम्मं काम तिथेच होईल, असं माझं मत झालंय. विमानवाल्यांना ते पटेलच असं नाही.

फाटकाचा पर्याय नाकारला तो बरोबरच. पण नाकारण्याचं कारण गावाला कुणी नीट सांगितलं नाही. 'सुरक्षा' म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याला चोर ठरवताहेत. मी पारावर दोनशे किलोमीटर वेग आणि थांबायला लागणारं अंतर सांगितलं, तेव्हा ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांनी माना डोलावल्या. ते पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं.

आणि तात्या. त्यांच्याशी झालेला करार तोंडी होता. भरपाईचा आकडा मी लिहून घेतला, वाट बंद करायची तारीख लिहून घेतली नाही. उन्हाळा संपेपर्यंत, असं मी म्हणालो होतो. कोणता उन्हाळा, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर

दोनएक वर्षांनी कंपनीकडे विमानं कमी पडू लागली आणि आमच्या शहराची सेवा बंद झाली. त्यात कुत्र्यांचा, भिंतीचा किंवा गावाचा काही संबंध नव्हता. पट्टी पुन्हा शांत झाली. गावातून अर्ज आला की आता विमान नाही तर भिंत कशाला, खिंडार उघडून द्या. तो नामंजूर झाला, कारण परवाना जिवंत ठेवायचा होता.

पाणंद झाली आहे, चांगली झाली आहे, ट्रॅक्टर जातात. पण डोक्यावर भारा घेतलेल्या बाया तात्यांच्या रानातल्या तिरप्या वाटेनेच जातात, वळसा वाचतो म्हणून. मागच्या हंगामात तात्यांनी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. गावातल्या अकरा जणांनी त्यांच्याविरुद्ध मामलेदार कोर्ट अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज दिला आहे. या वेळी सहा महिन्यांच्या आत.